घरोघरचे प्रश्न : कार्ड कोणतें घ्यावें?

दरमहा आमच्याकडे जीं पत्रें येतात त्यांचे विषय बहुधा ठरलेले असतात : मुलामुलींचें शिक्षण, विवाह, वडील मंडळींची प्रकृति, आणि फार झालें तर जागेची वांटणी. या महिन्यांत वांद्रे पूर्वेच्या एका जुन्या वसाहतींतून आलेलें पत्र मात्र निराळें आहे. लिहिणारे गृहस्थ सेवानिवृत्त आहेत. घरांत तीन पिढ्या, एक स्वयंपाकघर आणि एक सामाईक शिल्लक. पुतण्या यंत्र-अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. परीक्षेंत चांगले गुण मिळविल्यास कॉम्प्युटरसाठीं ग्राफिक्स कार्ड घेऊन देऊं, असा शब्द काकांनीं त्याला वर्षापूर्वीं दिला होता. मुलानें आपली बाजू पुरी केली. आतां काकांची पाळी आली, तेव्हां असें उघडकीस आलें कीं, काकांच्या मनांत सत्तर-ऐंशी हजारांची वस्तु होती आणि मुलाच्या मनांत दोन लाखांच्या पुढची.

एवढ्यावरच प्रकरण थांबलें असतें तर पत्र लिहिण्याचें कारण नव्हतें. थोरला चुलतभाऊ नोकरीस आहे आणि घरांत या विषयाचा जाणकार समजला जातो. त्यानें मत दिलें कीं, एन्व्हिडियाचें नांव सोडावें आणि एएमडीचें कार्ड घ्यावें. त्यावर धाकट्यानें उत्तर केलें, "दादा, तुझें ज्ञान आतां जुनें झालें. मला ओव्हरक्लॉकिंग करावयाचें आहे." तेव्हांपासून तीन आठवडे दोघे भाऊ एका पंक्तीस बसतात, पण मीठ हवें असलें तरी वहिनीमार्फत मागतात. काका लिहितात, "शब्द मोडावयाचा नाहीं आणि शिल्लकही मोडावयाची नाहीं. अशा स्थितींत कार्ड कोणतें घ्यावें तें सांगावें."

आमच्या कांहीं वाचकांस हा पोरखेळ वाटेल. पण १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें रंगीत दूरदर्शन आलें, तेव्हां संच घ्यावा कीं न घ्यावा यावरून कित्येक घरांत याहून मोठे वाद झाले होते, आणि त्यांत भाग घेणारे तरुण आज आजोबा आहेत. खेळ म्हणजे वाया गेलेला वेळ असें ज्यांना वाटतें त्यांनीं इतकें ध्यानांत घ्यावें कीं, हे खेळ रचणें हा आतां आपल्याकडेही एक व्यवसाय झाला आहे. 'राजी' हा पौराणिक वातावरणाचा खेळ २०२० सालीं पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळीनें रचला आणि तो जगभर खेळला गेला. असो.

कार्ड म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं पुढील कांहीं ओळी ओलांडून जाव्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावरील चित्र ठिपक्यांचें असतें. घरोघर आज तीन प्रतींचे पडदे दिसतात. पहिल्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. दुसऱ्यावर २५६० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ३६ लाख ८६ हजार. आणि ज्याला 'फोर-के' म्हणतात त्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख. खेळ चालूं असतां या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदांत साठ, शंभर किंवा अधिक वेळां नव्यानें ठरवावा लागतो. सेकंदास साठ चित्रें काढावयाचीं तर एका चित्रास १६.७ मिलिसेकंद मिळतात, एकशेंवीस काढावयाचीं तर अवघे ८.३. मुख्य प्रोसेसर हा हुशार परंतु एकाकी मुनीम होय. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच वेळीं एकाच तऱ्हेचा हिशेब करणाऱ्या हजारों साध्या कारकुनांची कचेरी. ही कचेरी जेवढी मोठी तेवढा तिचा पगार, म्हणजे वीज, आणि तेवढी तिची उष्णता. हा दुसरा भाग दुकानांत कोणी सांगत नाहीं.

या व्यापारांत खरी चुरस दोन घराण्यांत आहे. एन्व्हिडिया ही कंपनी १९९३ सालीं स्थापन झाली, आणि १९९९ सालच्या तिच्या जीफोर्स २५६ या कार्डाबरोबर 'जीपीयू' हा शब्द सर्वतोमुखीं झाला. दुसरें घराणें मूळचें कॅनडांतील एटीआय कंपनीचें. ती २००६ सालीं एएमडीनें विकत घेतली आणि रेडिऑन हें तिचें कार्डांचें नांव पुढें चालविलें. इंटेलही २०२२ पासून या बाजारांत उतरली आहे, परंतु तिचीं कार्डें मध्यम किंमतीचीं असल्यामुळें प्रस्तुत वादांत तिला पंक्तीस घेण्याचें कारण नाहीं.

येथें दोघां भावांस एक गंमत सांगितली पाहिजे. एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू हीं दोघेंही तैवानांत जन्मलेलीं असून एकमेकांचीं आप्त आहेत. ह्वांग यांच्या मातोश्री या सूबाईंच्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, धाकट्या भगिनी. तेव्हां आपल्या हिशेबानें ह्वांग हे सूबाईंच्या आईचे आतेभाऊ, आणि सूबाईंचे मामा. मामा-भाची बाजारांत एकमेकांचें गिऱ्हाईक पळवितात तो त्यांचा धंदा आहे. त्यांची बाजू घेऊन वांद्र्यास सख्ख्या चुलतभावांनीं अबोला धरावा हें आम्हांस चमत्कारिक दिसतें.

हे मामा वांद्र्यासही येऊन गेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्यें वांद्रे-कुर्ला संकुलांतील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्यें त्यांच्या कंपनीची परिषद भरली होती. तिचा विषय खेळ नव्हता, कृत्रिम बुद्धिमत्ता हा होता. आणि कार्डें इतकीं महाग कां, याचें अर्धें उत्तर तेथेंच आहे. जानेवारी २०२५ मध्यें संपलेल्या आर्थिक वर्षांत कंपनीचें एकंदर उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर झालें. त्यांत खेळांच्या कार्डांचा वांटा ११ अब्जांच्या आसपास, म्हणजे दहाव्या हिश्शाहूनही कमी. बाकीचा मुख्य भाग मोठमोठ्या संगणककेंद्रांचा. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धि' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्यें जगाच्या यादींत ६३ वा आला, तोही याच कंपनीच्या ए१०० कार्डांच्या बळावर. ज्या दुकानदाराचें मोठें गिऱ्हाईक दुसरेंच आहे, त्यानें आपल्यासाठीं भाव उतरवावा ही अपेक्षा व्यर्थ होय.

आतां प्रत्यक्ष वस्तूंकडे वळूं. जानेवारी २०२५ मध्यें एन्व्हिडियानें भारतासाठीं ज्या प्रारंभींच्या किंमती जाहीर केल्या त्या अशा : आरटीएक्स ५०९० ची २ लाख १४ हजार रुपये, ५०८० ची १ लाख ७ हजार, आणि ५०७० टीआय हिची ८० हजार. एएमडीचें रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी मार्च २०२५ मध्यें आलें. अमेरिकेंत त्याची जाहीर किंमत ५९९ डॉलर होती, आणि तेथेंच ५०७० टीआयची ७४९ डॉलर. जाहीर किंमत आणि दुकानांतील किंमत यांचें नातें मात्र वरपक्षाच्या "आम्हांला कांहीं नको" या वाक्याचें आणि पुढें येणाऱ्या यादीचें असतें तसें समजावें.

पुतण्याच्या मनांतील ५०९० हें कार्ड आपल्या पिढींतील सर्वांत बलाढ्य आहे, याबद्दल दुमत नाहीं. त्यांत २१,७६० गणनकेंद्रें आणि ३२ गिगाबाइट स्मृति आहे. विजेची भूक ५७५ वॅट. त्याच्या खालच्या ५०८० मध्यें १०,७५२ केंद्रें, १६ गिगाबाइट स्मृति आणि ३६० वॅट. म्हणजे थोरलें कार्ड धाकट्याच्या दुप्पट, आणि किंमतही दुप्पट. काम मात्र दुप्पट होत नाहीं. फोर-के पडद्यावर तें सुमारें दीडपट भरतें, आणि पडदा जसजसा लहान तसतसा हा फरक आणखी आटतो. कारण मग कार्ड मोकळें राहतें आणि मुख्य प्रोसेसरच मागें पडतो. काउंटर-स्ट्राइक २ सारखा चपळाईचा खेळ लहान पडद्यावर खेळणारास तर कार्डापेक्षां प्रोसेसरच अधिक उपयोगीं पडतो.

उरलेलीं दोन कार्डें, ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटी, हीं एकमेकांचीं खरीं प्रतिस्पर्धी होत. दोहोंत १६ गिगाबाइट स्मृति. एकाची भूक ३०० वॅट तर दुसऱ्याची ३०४. साधारण खेळांत दोघांचीं चित्रें जवळजवळ सारखीं. प्रकाशकिरणांचा सूक्ष्म हिशेब करून सावल्या व प्रतिबिंबें काढणारे जे खेळ आहेत, उदाहरणार्थ सायबरपंक २०७७, त्यांत एन्व्हिडियाचें कार्ड पुढें जातें. लहान चित्र काढून तें युक्तीनें मोठें करण्याच्या विद्येंत एन्व्हिडियाची डीएलएसएस ही पद्धति जुनी व अधिक खेळांत रुळलेली आहे. एएमडीची एफएसआर ४ ही २०२५ मध्यें आली आणि पूर्वींच्या मानानें तिनें मोठीच मजल मारली. या संबंधांत जाहिरातींतील एका वाक्यापासून जपावें. जानेवारी २०२५ मध्यें लास व्हेगास येथें असें सांगण्यांत आलें कीं, ५४९ डॉलरांचें ५०७० हें कार्ड मागील पिढीच्या १,५९९ डॉलरांच्या ४०९० ची बरोबरी करतें. ही बरोबरी कार्डानें एक चित्र स्वतः काढून तीन चित्रें अनुमानानें मध्यें घातलीं म्हणजे होते. अनुमानाचीं चित्रें डोळ्यांस गुळगुळीत दिसतात खरीं; पण खेळणाराच्या बोटाला उत्तर मिळतें तें खऱ्या चित्रांच्याच वेगानें.

आमच्या मतें काकांच्या पत्रांतलें सर्वांत महत्त्वाचें वाक्य त्यांनीं ताजा कलमांत घातलें आहे. तें असें : घरांतील पडदा सत्तावीस इंची असून दोन वर्षांपूर्वींचा, २५६० गुणिले १४४० चा, सेकंदास १६५ चित्रें दाखविणारा आहे. फोर-के पडद्याच्या मानानें यावर निम्म्याहूनही कमी ठिपके आहेत. या पडद्यासमोर ५०९० बसविणें म्हणजे दोन माणसांच्या आमटीसाठीं लग्नाचें पातेलें चढविणें. कार्डानें तीनशें चित्रें काढलीं तरी पडदा १६५ च दाखवील. आधीं पडदा पाहावा, मग कार्ड ठरवावें. बाजारांत मात्र शंभरांतील नव्वद तरुण हा क्रम उलट करतात.

आतां ओव्हरक्लॉकिंगचें पाहूं, कारण पुतण्याचा सारा भर त्यावर आहे आणि आम्हांलाही तो या प्रश्नाचा सर्वांत रसाळ भाग वाटतो. कारखान्यानें नेमून दिलेल्या गतीपेक्षां चिपेचें घड्याळ अधिक वेगानें चालविणें म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ही कला काटकसरींतून जन्मली, हें तिच्या आजच्या भक्तांस ठाऊक असतेंच असें नाहीं. १९९८ सालीं इंटेलनें सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याची नेमलेली गति ३०० मेगाहर्ट्झ. परंतु मदरबोर्डाचा मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला कीं पुष्कळसे नग ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालत, आणि कित्येक पट महाग पेंटियमच्या पंक्तीस जाऊन बसत. पुढें २०१० च्या अखेरीस निघालेल्या रेडिऑन एचडी ६९५० या कार्डाच्या पोटांतील मूळ प्रोग्राम बदलून त्याच्याकडून थोरल्या ६९७० चें काम करून घेणारेही हुशार लोक निघाले. गरिबाच्या वस्तूंतून श्रीमंताचें काम काढणें हें या विद्येचें मर्म होतें.

आज परिस्थिति निराळी आहे. हल्लींचें कार्ड स्वतःच आपलें तापमान आणि विजेचा ओढा पाहून क्षणोक्षणीं गति वाढवीत-उतरवीत असतें. म्हणजे जें काम पूर्वीं हौशी माणूस रात्र रात्र जागून करी, त्यांतलें पुष्कळसें आतां कारखान्यांतच होऊन येतें. आपल्या हातीं राहतात पांच ते दहा टक्के. शंभर चित्रांचीं एकशेंसात झालीं तर एका चित्रामागें वांचणारा वेळ पाऊण मिलिसेकंदही भरत नाहीं. त्यांतही ५०८० हें कार्ड जरा उदार निघालें. परीक्षकांस त्यांतून दहा टक्क्यांच्या आसपास वाढ मिळाली. ५०९० ची गोष्ट उलट आहे. त्याची भूक मुळांतच ५७५ वॅट, आणि ज्या तारेनें त्याला वीज पुरविली जाते तिची मर्यादा ६०० वॅट. मग ओव्हरक्लॉकिंगसाठीं म्हणून दोन लाखांचें कार्ड घेणाराच्या वांट्यास त्या तारेंत येतात पंचवीस वॅट! हा युक्तिवाद आम्ही मुद्दाम पुतण्यासाठीं लिहीत आहों. यंत्रशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळें त्याला तो आमच्यापेक्षां लवकर पटावा.

शिवाय त्याच्या अभ्यासक्रमांतील एक नियम येथें लागू पडतो. चिपेचा वीजखर्च गतीच्या प्रमाणांत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गतीसाठीं व्होल्टेज चढविलें कीं खर्च भराभर वाढतो. उलट गति तीच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनीं उतरवितां आलें, तर त्या भागाचा खर्च सुमारें एकोणीस टक्क्यांनीं घटतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. ९०७० एक्सटीसारखें कार्ड व्होल्टेज थोडें उतरविल्यावर थंड राहतें, आणि थंड राहिल्यामुळें पुष्कळदां आपण होऊन आधींपेक्षां अधिक वेगानें चालतें. खरें कसब आज येथें आहे. प्रत्येक चिपेचा स्वभाव वेगळा. एकाच पेटींतून निघालेलीं दोन कार्डें सारखीं वागत नाहींत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, गति दहा-वीस मेगाहर्ट्झनींच चढवावी, प्रत्येक पायरीस थ्रीडीमार्कसारखी कसोटी लावावी आणि आंकडा वहींत टिपून ठेवावा. स्मृतीची गति वाढवितांना तर विशेष सावध राहावें. अलीकडील स्मृति चुका आपण होऊन दुरुस्त करते. त्यामुळें फार ताणलें तर कार्ड बंद पडत नाहीं, पण दुरुस्तींतच वेळ जाऊन चित्रें उलट कमी होतात. वही नसलेला मनुष्य अशा वेळीं वाढलेल्या आंकड्याकडे पाहून खूष असतो आणि खेळ मात्र मंदावलेला असतो.

कांहीं हौशी लोक द्रव नायट्रोजन ओतून चिप उणे शंभराच्याही खालीं नेतात आणि विक्रम करतात. तें घरांत करावयाचें काम नव्हे. विशेषतः वांद्र्यास नव्हेच. जुलै महिन्यांत तेथील हवेंत बाष्प इतकें असतें कीं, फ्रिजमधील तांब्या बाहेर काढतांच त्यावर थेंब जमतात. कार्डाचेंही तेंच होईल, आणि तांब्याला विजेचा स्पर्श नसतो. पंख्यानें किंवा साध्या पाण्याच्या नळीनें गार होणारें कार्ड खोलीच्या तापमानाखालीं जात नाहीं, म्हणून त्याला दंवाचें भय नाहीं. समुद्राची खारट हवा व धूळ यांचें मात्र आहे. जाळी दर महिन्यास पुसावी, आणि पावसाळ्यांत यंत्र आठ-आठ दिवस बंद ठेवूं नये.

उष्णतेचा प्रश्न घरांतील स्त्रियांस अधिक समजेल, कारण दुपारीं त्याच खोलींत त्यांना बसावें लागतें. ५०९० चें संपूर्ण यंत्र भरात असतां सुमारें ८०० वॅट खातें असें धरूं. ही सर्व वीज शेवटीं उष्णताच होऊन खोलींत उतरते. दहा बाय बाराच्या खोलींत मे महिन्यांत इस्त्री अखंड चालूं ठेवावी तसें तें होय. एअर कंडिशनरच्या भाषेंत बोलावयाचें तर जवळजवळ पाव टनाचा भार. म्हणजे वीज दोनदां भरावयाची, एकदां तापविण्यासाठीं आणि एकदां तें निवविण्यासाठीं. रोज चार तास खेळ झाला तर महिन्यास ९६ युनिट केवळ यंत्राचे. मध्यम कार्डाचें यंत्र ५०० वॅटांत भागतें असें मानलें तर ते ६० होतात. वीज कंपनीची रचना पायऱ्यांची असल्यामुळें हे वरचे छत्तीस युनिट सर्वांत महाग दरानें भरावे लागतात, हें सामाईक बिल भरणाऱ्या काकांस सांगावयास नको.

जुन्या वसाहतींतील तारांकडेही एकदां वायरमनकडून पाहून घ्यावें. टेबलाजवळच्या लहान पॉइंटावर कॉम्प्युटर, पडदा, आणि त्याच गुंडाळीवरून इस्त्री, अशी व्यवस्था आम्हीं कित्येक सुशिक्षित घरांतून पाहिली आहे. साधा ६०० व्हीएचा यूपीएस तर या यंत्रांपैकीं एकासही पुरत नाहीं. खेळ ऐन रंगांत आला असतां वीज गेली तर तो यंत्रास घेऊनच झोपतो. पॉवर सप्लाय कोणता असावा याविषयीं कंपन्यांचीच शिफारस आहे : ५०९० ला १,००० वॅटांचा, ५०८० ला ८५०, आणि ५०७० टीआय व ९०७० एक्सटी यांना ७५०. कार्डावर दोन लाख घालून पॉवर सप्लायवर दोन हजार वांचविणारा मनुष्य भेटला कीं आम्हांस सोन्याचें मंगळसूत्र सुतांत ओंवणाऱ्या सोनाराची आठवण होते.

तारेची गोष्ट निघालीच आहे तर तीही पुरी करूं. ५७५ वॅट बारा व्होल्टांनीं पुरवावयाचे तर सुमारें ४८ अँपिअर लागतात, आणि ते सहा बारीक तारांतून सारखे वांटले गेले तर प्रत्येकीस आठ. परंतु ते सारखे वांटले जातीलच याची हमी नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें रोमन हार्टुंग या नामांकित जर्मन ओव्हरक्लॉकरानें आपल्या ५०९० वर मापन केलें, तेव्हां एका तारेंतून वीस अँपिअरहून अधिक प्रवाह जात असलेला आढळला. २०२२ च्या ४०९० पासून अशा जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या आहेत. पुढें जोडणीचा नमुना सुधारला, तरी तक्रारी अगदींच थांबल्या नाहींत. म्हणून हें टोंक शेवटपर्यंत दाबून बसवावें, तें जवळच वांकवूं नये, आणि अधूनमधून काढघाल करूं नये. ९०७० एक्सटीच्या बहुतेक नमुन्यांना जुनीच आठ टोंकांची जोडणी असते. ती दिसावयास ओबडधोबड, पण स्वभावानें सालस.

पुतण्याचा एक युक्तिवाद अजून राहिला : "अभ्यासासाठींही लागतें." या वाक्यापुढें आपल्या घरांतील वडील मंडळी तत्काळ नमतात, आणि मुलांस तें ठाऊक असतें. पण येथें तें सरसकट खोटें म्हणतां येत नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेचें प्रत्यक्ष काम ज्याला शिकावयाचें आहे त्याला एन्व्हिडियाच्या कूडा या व्यवस्थेचा आधार मोठा आहे. बहुतेक पाठ, उदाहरणें व तयार साधनें तिच्यावरच रचलेलीं असतात, आणि एएमडीची व्यवस्था त्या मानानें अजून अडखळते. तेव्हां काकांनीं मुलास जवळ बसवून सरळ विचारावें, "बाळ, गेल्या वर्षांत कार्डावर चालणारा एखादा तरी प्रोग्राम तूं लिहिलास काय?" लिहिला असेल तर तो दाखवील, आणि दाखविण्यांत त्याला आनंदच वाटेल. तसें असल्यास ५०७० टीआय घ्यावें. वरचे पैसे योग्य कामीं लागतील.

पत्रावरून मात्र तसें दिसत नाहीं. मुलगा खेळतो, आणि त्याला यंत्राच्या कळा फिरवून पाहण्याची हौस आहे. त्या हौसेस आणि त्या सत्तावीस इंची पडद्यास ९०७० एक्सटी हें पुरेसें कार्ड आहे असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. म्हणजे थोरल्या भावानें नांव बरोबर सांगितलें. पण "एन्व्हिडियाचें नांव सोडावें" हें त्याचें कारण बरोबर नाहीं. कंपनीवर राग धरून कार्ड निवडणें हें कंपनीवर प्रेम करून निवडण्याइतकेंच भाबडें आहे. धाकट्याचें म्हणणें कीं ५०९० सर्वांत वेगवान, हेंही बरोबर. पण तो वेग त्याच्या पडद्यावर उमटणारच नाहीं. काकांनीं शब्द दिला तो ग्राफिक्स कार्डाचा, अमुक एका नगाचा नव्हे. दुकानांत शिरण्यापूर्वीं त्यांनीं आंकडा सांगून टाकावा, आणि पॉवर सप्लाय त्याच आंकड्यांत धरावा. मुलास उमेदवारींतून कांहीं वेतन मिळतें असें पत्रांत आहे. तें पैसे कार्डांत भर म्हणून घेऊं नयेत. दोन वर्षांनीं त्याला फोर-के पडदा घ्यावासा वाटला तर तो त्याचा स्वतःचा असूं द्यावा. आणि कार्ड घरांत आल्यावर कळा फिरवील धाकटा, परंतु वही लिहावी थोरल्यानें. वही लिहिणारा व कळ फिरविणारा यांना एकमेकांशीं बोलल्यावांचून काम करतां येत नाहीं.

खरेदीविषयीं थोडें. वांद्र्याहून धीम्या गाडीनें ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या डॉ. भडकमकर मार्गावर, दोघां भावांनीं मिळून जावें. दोनचार दुकानांतून भाव विचारावा आणि त्याच दिवशींचा ऑनलाइन भाव खिशांत ठेवावा. २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या चिपांची टंचाई होऊन भाव एकाएकीं चढले, तेव्हां महिन्यापूर्वींच्या किंमतीवर हिशेब बसवूं नये. पेटी घेण्यापूर्वीं घरच्या कॅबिनेटची आंतली लांबी मिलिमीटरांत मोजून न्यावी. तीस सेंटिमीटरांहून लांब कार्डें आज सर्रास असतात, आणि कॅबिनेटांत न मावलेलें कार्ड परत घेण्यास दुकानदार फारसा उत्सुक नसतो.

अमेरिकेंतील आत्याकडून मागवूं, अशी एक सूचना घरांत निघालेली आहे. ती आम्ही देणार नाहीं. तेथील विक्रीकर, येथील जकात आणि डॉलरचा भाव धरला म्हणजे बचत थोडी उरते, आणि हमी पुष्कळदां त्या त्या देशापुरतीच असते. कार्ड बिघडलें तर आत्यालाच पुनः त्रास. जुनें कार्ड स्वस्त मिळतें म्हणून घेणारांनीं इतकें विचारावें कीं, तें २०२२ पूर्वींचें आहे काय. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या आभासी चलनाची रीत बदलेपर्यंत असंख्य कार्डें त्याच्या खाणकामास रात्रंदिवस जुंपलेलीं होतीं, आणि तीं पुढें बाजारांत आलीं. त्यांचे पंखे व स्मृति यांनीं किती भोगलें आहे तें बाहेरून दिसत नाहीं.

बिल जीएसटीसह पक्कें घ्यावें आणि त्यावर पेटीवरील अनुक्रमांक लिहवून घ्यावा. हमीच्या वेळीं तोच विचारतात. व्होल्टेज वा गति बदलल्यानें हमीवर काय परिणाम होतो हें ज्या कंपनीनें कार्ड बांधलें तिच्या कागदावर वाचूनच कळांना हात लावावा. पहिले आठ दिवस कार्ड नेमलेल्या गतीनेंच चालवावें, म्हणजे मूळचा दोष असेल तर तो परतीच्या मुदतींत बाहेर येईल. पेटी आणि आंतील फोम माळ्यावर ठेवावा. दिवाळीच्या साफसफाईंत तो रद्दीवाल्यास जाणार नाहीं, इतकें मात्र वहिनींस आधींच सांगून ठेवावें.